शैक्षणिक परिवीक्षा आणि आर्थिक साहाय्य परिवीक्षा (अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षण)

शैक्षणिक परिवीक्षा आणि आर्थिक साहाय्य परिवीक्षा या अमेरिकेतील उच्च शिक्षणव्यवस्थेत विद्यार्थ्याची प्रगती अपेक्षेपेक्षा कमी असताना दिल्या जाणाऱ्या दोन वेगवेगळ्या प्रशासकीय अवस्था आहेत. पहिली अवस्था विद्यापीठ स्वतःच्या नियमांनुसार ठरवते व ती विद्यार्थ्याच्या प्रवेशाशी, म्हणजेच अभ्यासक्रमात राहण्याच्या हक्काशी संबंधित असते. दुसरी अवस्था संघराज्य सरकारच्या विद्यार्थी साहाय्यविषयक कायद्यातून निर्माण झाली असून ती विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सरकारी कर्जाशी व अन्य साहाय्याशी संबंधित असते. दोन्हींना बोलीभाषेत नुसते 'प्रोबेशन' म्हटले जात असल्याने त्या एकच आहेत असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यांचे निकष, त्या ठरवणारी कार्यालये, त्यांचा कालावधी आणि त्यांतून बाहेर पडण्याचे मार्ग भिन्न आहेत. एकीतून मुक्त झालेला विद्यार्थी दुसरीत अडकलेला असू शकतो.

संज्ञा

इंग्रजीतील 'प्रोबेशन' हा शब्द 'पारखणे, कसोटीला लावणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मराठीत त्यासाठी 'परिवीक्षा' हा पारिभाषिक शब्द रूढ आहे. मराठी वाचकाला तो मुख्यतः दोन संदर्भांत परिचित असतो : नव्याने नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्याचा परिवीक्षा कालावधी, आणि अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याची १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमातील तरतूद. शैक्षणिक परिवीक्षेत अपराधाचा अथवा शिस्तभंगाचा भाग नसतो. परीक्षेतील गैरप्रकार, वाङ्मयचौर्य किंवा गैरवर्तन यांसाठी दिली जाणारी 'शिस्तविषयक परिवीक्षा' ही तिसरी आणि वेगळी बाब असून तिचा या लेखात विचार केलेला नाही.

इतिहास

अमेरिकेतील विद्यार्थी साहाय्याचा पाया १९६५च्या उच्च शिक्षण अधिनियमाने घातला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी टेक्सास राज्यातील सॅन मार्कोस येथे, स्वतः शिकलेल्या महाविद्यालयात, या अधिनियमावर स्वाक्षरी केली. त्याच्या चौथ्या प्रकरणात विद्यार्थ्यांना अनुदान, कर्ज व कामाच्या मोबदल्यात साहाय्य देण्याच्या तरतुदी आहेत. हे साहाय्य 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती' करणाऱ्यासच मिळावे, ही अट १९७६च्या दुरुस्तीने आली. मात्र प्रगती समाधानकारक केव्हा मानावी हे संस्थांवर सोडले होते. साहाय्य घेणारे अनेक विद्यार्थी पुरेशी प्रगती करत नाहीत व संस्थांचे निकष ढिले आहेत, असा आक्षेप संघराज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८१च्या अहवालात घेतला. १९८६च्या दुरुस्तीने दुसऱ्या वर्षाअखेरीस किमान 'सी' श्रेणीची अथवा पदवीसाठी आवश्यक असलेल्या दर्जाशी सुसंगत अशी प्रगती कायद्यानेच आवश्यक केली.

सध्या लागू असलेली नियमावली २०१० साली प्रसिद्ध झाली व १ जुलै २०११पासून अमलात आली. 'आर्थिक साहाय्य इशारा' आणि 'आर्थिक साहाय्य परिवीक्षा' या दोन संज्ञांना तिने निश्चित व्याख्या दिल्या. त्यापूर्वी प्रत्येक संस्था हे शब्द आपापल्या अर्थाने वापरत असे.

शैक्षणिक परिवीक्षा

शैक्षणिक परिवीक्षेसंबंधी राष्ट्रीय पातळीवर एकच नियम नाही. प्रत्येक विद्यापीठाची पदव्युत्तर शाळा, आणि पुष्कळदा प्रत्येक विभाग, आपला नियम ठरवतो. तरीही बहुसंख्य ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने चारपैकी किमान ३.० इतकी एकूण गुणसरासरी, म्हणजे सरासरी 'बी' श्रेणी, राखावी अशी अपेक्षा असते. पदवीपूर्व स्तरावर सामान्यतः २.० पुरेशी असते. पदवीपूर्व शिक्षणात उत्तीर्ण मानली जाणारी 'सी' श्रेणी त्यामुळे पदव्युत्तर स्तरावर धोक्याची सूचना ठरते. काही विभागांत ठरावीक संख्येहून अधिक 'सी' श्रेणी मिळाल्यास सरासरी कितीही असली तरी परिवीक्षा अथवा निष्कासन होऊ शकते.

सरासरी ३.०च्या खाली गेल्यावर विद्यार्थ्यास लेखी सूचना मिळते. सरासरी किती काळात पूर्ववत करावी हे तीत नमूद असते. हा काळ साधारणतः एक ते दोन सत्रांचा असतो. या काळात विद्यार्थी नियमितपणे शिकत राहतो. परंतु मार्गदर्शकाशी ठरावीक भेटी, अभ्यासक्रमांच्या निवडीस पूर्वसंमती, विषयभारावर मर्यादा अशा अटी घातल्या जाऊ शकतात. मुदतीत सरासरी सुधारली तर परिवीक्षा उठते. न सुधारल्यास मुदतवाढ, निलंबन किंवा निष्कासन यांपैकी निर्णय होतो. परिवीक्षेची नोंद गुणपत्रकावर करावी की केवळ अंतर्गत दप्तरात ठेवावी, याबाबतही संस्थांचे नियम निरनिराळे आहेत.

गुणसरासरी कशी बदलते

गुणसरासरी ही श्रेयांकांनुसार भारित असते आणि मागील सत्रांचे ओझे तिच्यात कायम राहते. म्हणून एका सत्रातील घसरण भरून काढण्यास पुढील सत्रात अपेक्षेहून बरेच अधिक यश लागते.

उदाहरणार्थ, एका विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात प्रत्येकी ३ श्रेयांकांचे तीन विषय घेतले आणि त्यास 'बी' (३.०), 'बी उणे' (२.७) व 'सी अधिक' (२.३) अशा श्रेणी मिळाल्या असे मानू. त्याचे एकूण श्रेणीगुण २४ आणि सरासरी २.६७ होते. पुढील सत्रात पुन्हा ९ श्रेयांक घेऊन त्याने तिन्ही विषयांत 'बी अधिक' (३.३) मिळवली, तर त्या सत्रापुरती कामगिरी चांगली असूनही एकूण सरासरी २.९८ इतकीच राहते व ३.०ची अट पूर्ण होत नाही. तीनपैकी एका विषयात 'ए उणे' (३.७) आणि उरलेल्या दोहोंत 'बी अधिक' मिळाल्यास मात्र सरासरी ३.०५ होते. भार हलका करावा म्हणून त्याने दुसऱ्या सत्रात ६च श्रेयांक घेतले, तर ३.० गाठण्यासाठी त्यास त्या सत्रात ३.५ची सरासरी लागते. कमी विषय घेतल्याने अभ्यासास वेळ अधिक मिळतो. परंतु गणिताच्या दृष्टीने प्रत्येक विषयाकडून अधिक गुणांची अपेक्षा निर्माण होते.

आर्थिक साहाय्य परिवीक्षा

कायदेशीर चौकट

सरकारी साहाय्य वितरित करणाऱ्या प्रत्येक संस्थेस समाधानकारक शैक्षणिक प्रगतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. साहाय्य न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना लागू असलेल्या निकषांइतके तरी ते कडक असावे, आणि पूर्णवेळ, अंशवेळ, पदवीपूर्व व पदव्युत्तर अशा प्रत्येक गटातील विद्यार्थ्यांना ते एकसारखे लागू व्हावे, असे बंधन आहे. प्रगतीची तपासणी प्रत्येक साहाय्य कालखंडाच्या, म्हणजे सामान्यतः सत्राच्या, अखेरीस अथवा वर्षातून किमान एकदा करावी लागते. एक वर्ष किंवा त्याहून कमी मुदतीच्या अभ्यासक्रमांत ती प्रत्येक साहाय्य कालखंडाअखेरीस होते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे साहाय्य मुख्यतः कर्जरूप असते. गरजू विद्यार्थ्यांसाठीचे पेल अनुदान पदवीपूर्व स्तरापुरतेच असते. शिक्षण चालू असतानाचे व्याज सरकारने भरण्याची सवलत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०१२पासून बंद झाली. सवलतरहित थेट कर्जाची वार्षिक मर्यादा सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी २०,५०० डॉलर आहे. उर्वरित खर्चासाठी २००६पासून उपलब्ध असलेले 'ग्रॅज्युएट प्लस' कर्ज ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना बंद करण्यात आले. त्याच कायद्याने सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी एकूण १,००,००० डॉलरची, तर वैद्यक, विधी यांसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी वार्षिक ५०,००० व एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा ठरवली.

तीन निकष

समाधानकारक प्रगती तीन बाजूंनी तपासली जाते.

१. गुणवत्ता : संस्थेने ठरवलेली किमान गुणसरासरी. पदव्युत्तर पदवी मिळण्यासाठी बहुधा ३.० आवश्यक असल्याने आर्थिक निकषही बहुतेक ठिकाणी तोच असतो.

२. गती : घेतलेल्या एकूण श्रेयांकांपैकी यशस्वीपणे पूर्ण केलेल्या श्रेयांकांचे प्रमाण. पुष्कळ संस्था यासाठी दोन तृतीयांश किंवा ६७ टक्क्यांचा निकष ठेवतात.

३. कमाल कालमर्यादा : पदवीपूर्व अभ्यासक्रम नियत कालावधीच्या १५० टक्क्यांत पूर्ण व्हावा लागतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ही मर्यादा अभ्यासक्रमाची लांबी लक्षात घेऊन संस्थेने स्वतः ठरवायची असते. मर्यादेच्या आत पदवी पूर्ण होणे अशक्य आहे असे स्पष्ट होताच, मर्यादा प्रत्यक्ष संपण्यापूर्वीही पात्रता जाते.

या तपासणीत विद्यार्थ्याने सरकारी साहाय्य न घेता शिकलेली सत्रेही धरली जातात. दुसऱ्या संस्थेतून मान्य करून घेतलेले श्रेयांक 'घेतलेले' आणि 'पूर्ण केलेले' अशा दोन्ही बाजूंस मोजले जातात.

इशारा, अपात्रता आणि परिवीक्षा

निकष न गाठणाऱ्या विद्यार्थ्याची पुढील वाटचाल संस्थेच्या तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. दर सत्राअखेरीस तपासणी करणारी संस्था विद्यार्थ्यास प्रथम 'आर्थिक साहाय्य इशारा' देऊ शकते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही व साहाय्य आणखी एक सत्र चालू राहते. वर्षातून एकदाच तपासणी करणाऱ्या संस्थेस इशाऱ्याची ही सोय वापरता येत नाही. तेथे निकष न गाठल्यास साहाय्य थेट थांबते.

इशाऱ्याच्या सत्रातही प्रगती न झाल्यास विद्यार्थी साहाय्यास अपात्र ठरतो. त्यानंतर त्याने अपील केले व ते मान्य झाले, तरच त्यास 'आर्थिक साहाय्य परिवीक्षा' ही अवस्था मिळते. शैक्षणिक परिवीक्षा घसरणीनंतर पहिली पायरी म्हणून येते. आर्थिक साहाय्य परिवीक्षा ही थांबलेले साहाय्य पुन्हा सुरू झाल्याची खूण असते. या अवस्थेचा अर्थ साहाय्य बंद झाले असा लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

परिवीक्षा एका साहाय्य कालखंडापुरती असते. तेवढ्यात विद्यार्थी निकष पूर्ण करू शकेल असे संस्थेस वाटले पाहिजे. एका सत्रात ते शक्य नसल्यास संस्था विद्यार्थ्यासाठी 'शैक्षणिक आराखडा' तयार करते. कोणत्या सत्रात कोणते विषय पूर्ण करायचे व किमान कोणत्या श्रेणी मिळवायच्या हे त्यात ठरलेले असते. विद्यार्थी आराखड्याप्रमाणे चालत राहिला तर एकूण सरासरी अद्याप कमी असली तरी साहाय्य सुरू राहते.

अपील

अपिलासाठी नियमावलीत नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचे आजारपण अथवा दुखापत आणि 'अन्य विशेष परिस्थिती' ही कारणे दिलेली आहेत. अर्जात दोन गोष्टी सांगाव्या लागतात : प्रगती का होऊ शकली नाही, आणि आता परिस्थितीत असा कोणता बदल झाला आहे की पुढील तपासणीत निकष पूर्ण होतील. पहिल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देऊन दुसरा दुर्लक्षित ठेवलेला अर्ज अपुरा ठरतो. घरातील आजारी व्यक्तीची शुश्रूषा संपली, उपचार सुरू झाले, नोकरीचे तास कमी केले, अशा बदलांचे निवेदन व शक्य तेथे कागदोपत्री पुरावा अर्जाचा गाभा असतो.

अपिलाची सोय ठेवणे संस्थांना बंधनकारक नाही. ती नसल्यास पात्रता पुन्हा कशी मिळेल हे धोरणात सांगावे लागते. एखादे सत्र सुट्टी घेतल्याने अथवा स्वतःच्या पैशाने शिकल्याने पात्रता आपोआप परत येत नाही. त्या सत्रातील श्रेणींमुळे सरासरी व गती प्रत्यक्षात निकषापर्यंत पोहोचली पाहिजे.

दोन्ही परिवीक्षांतील फरक

शैक्षणिक परिवीक्षेचा निर्णय विभाग, अधिष्ठाता किंवा पदव्युत्तर शाळा घेते. आर्थिक पात्रतेचा निर्णय आर्थिक साहाय्य कार्यालय घेते. एका कार्यालयाकडे केलेला अर्ज दुसऱ्याकडे आपोआप जातोच असे नाही. निष्कासनाविरुद्धचे अपील मान्य होऊन विद्यार्थी अभ्यासक्रमात परतला, तरी थांबलेले कर्ज सुरू होण्यासाठी स्वतंत्र अपील करावे लागू शकते. सत्राच्या प्रारंभी शुल्क भरण्याची वेळ आल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तर मिळालेला प्रवेश टिकवण्यास पैसाच उरत नाही.

वर दिलेल्या उदाहरणातील २.६७ सरासरीचा विद्यार्थी पहिल्या सत्रानंतर शैक्षणिक परिवीक्षेत जातो. त्याने सर्व ९ श्रेयांक पूर्ण केले असल्याने त्याची गती १०० टक्के असते. संस्था वर्षाअखेरीस तपासणी करत असेल तर त्याच्या कर्जावर तूर्त परिणाम होत नाही.

याच्या उलट स्थितीही संभवते. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने ९ श्रेयांक घेऊन अवघड वाटणारा ३ श्रेयांकांचा विषय मध्येच सोडला. पुढील सत्रात त्याने पुन्हा ९ श्रेयांक घेतले. त्यांतील ३ सोडले व ३ 'अपूर्ण' राहिले. पूर्ण केलेल्या विषयांत त्यास 'बी अधिक' मिळाल्याने त्याची सरासरी ३.३ आहे व शैक्षणिकदृष्ट्या त्याची स्थिती उत्तम आहे. परंतु १८पैकी ९च श्रेयांक पूर्ण झाल्याने गती ५० टक्के भरते, आणि दोन तृतीयांशाचा निकष असलेल्या संस्थेत त्याचे साहाय्य थांबते.

विषय अथवा सत्र सोडण्याचे परिणाम

सत्राच्या सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत बदललेल्या विषयाची नोंद राहत नाही. त्यानंतर सोडलेल्या विषयापुढे 'डब्ल्यू' ही नोंद होते. तिचे मूल्य गुणसरासरीत धरले जात नाही. गतीच्या गणनेत मात्र तो विषय सामान्यतः घेतलेला परंतु अपूर्ण म्हणून धरला जातो. सरासरी वाचवण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने गती बिघडवतो. विषय सोडण्यापूर्वी मार्गदर्शकाबरोबरच आर्थिक साहाय्य कार्यालयाचाही सल्ला घ्यावा, असे संस्था सांगतात ते यामुळेच.

संपूर्ण सत्र सोडल्यास आणखी एक नियम लागू होतो. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्यापूर्वी शिक्षण सोडणाऱ्याने उपस्थितीच्या कालावधीच्या प्रमाणातच साहाय्य 'कमावले' असे मानतात. ३० टक्के काळानंतर सोडल्यास ३० टक्के साहाय्यच त्याचे ठरते. बाकीचे ठरावीक पद्धतीने सरकारला परत जाते. संस्थेच्या शुल्काची परतफेड मात्र संस्थेच्या स्वतःच्या नियमाने होते. त्यामुळे विद्यार्थ्याकडे संस्थेचे येणे उभे राहू शकते. नोंदणी निम्म्या वेळेखाली गेल्यावर थेट कर्जाचा सहा महिन्यांचा सवलत काळ सुरू होतो व तो संपताच परतफेड करावी लागते, मग पदवी मिळालेली असो वा नसो.

आजारपणासारख्या प्रसंगी संमतीने घेतलेली रजा हा एक पर्याय असतो. सरकारी साहाय्याच्या नियमांनुसार मान्य रजा बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक असू शकत नाही. अपंगत्व अथवा दीर्घकालीन आजार असलेल्या विद्यार्थ्यांना १९७३च्या पुनर्वसन अधिनियमाचे कलम ५०४ आणि १९९०चा अमेरिकन अपंगत्व अधिनियम यांनुसार वाजवी सोयी मागता येतात. सोय मागण्यापूर्वी मिळालेल्या श्रेणी तिच्यामुळे सामान्यतः बदलत नाहीत. म्हणून ती वेळेवर मागणे महत्त्वाचे ठरते.

पीएच.डी. विद्यार्थ्यांची स्थिती

पीएच.डी.च्या पहिल्या एकदोन वर्षांत वर्गशिक्षण असल्याने गुणसरासरीचा निकष लागू होतो. त्यानंतर प्रगती टप्प्यांनी मोजली जाते : पात्रता परीक्षा, मार्गदर्शक समितीची स्थापना, संशोधन प्रस्तावास मान्यता, उमेदवारी आणि प्रबंध. संशोधनाच्या श्रेयांकांना बहुधा 'समाधानकारक' अथवा 'असमाधानकारक' एवढीच नोंद मिळते. पात्रता परीक्षेत अनुत्तीर्ण होणे, नियत काळात मार्गदर्शक न मिळणे किंवा वार्षिक आढाव्यात प्रतिकूल अभिप्राय येणे यांमुळे सरासरी उत्तम असतानाही परिवीक्षा लागू शकते. येथे निर्णय पुष्कळ अंशी मार्गदर्शकाच्या मतावर अवलंबून असतो. म्हणून अनेक विद्यापीठे त्रुटी, अपेक्षित काम व मुदत लेखी स्वरूपात देण्याचा नियम ठेवतात.

पीएच.डी. विद्यार्थ्यांचा खर्च बहुधा शिक्षणसहायक किंवा संशोधनसहायक पदातून भागतो. या पदाबरोबर निर्वाहवेतन, शुल्कमाफी व अनेक ठिकाणी आरोग्यविमा मिळतो. हे सरकारी विद्यार्थी साहाय्य नसल्याने त्यास आर्थिक साहाय्य परिवीक्षेचे नियम लागत नाहीत. परंतु पद टिकवण्यासाठी विद्यार्थी शैक्षणिकदृष्ट्या 'सुस्थितीत' असावा अशी अट सर्रास असते. तशा ठिकाणी शैक्षणिक परिवीक्षेचा आर्थिक परिणाम अधिक थेट होतो.

परदेशी विद्यार्थी

एफ-१ व्हिसावर शिकणारे परदेशी विद्यार्थी सरकारी विद्यार्थी कर्जास पात्र नसल्याने आर्थिक साहाय्य परिवीक्षा त्यांना लागू होत नाही. शैक्षणिक परिवीक्षा मात्र लागू होते. २०२३–२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते व त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर स्तरावरील होते. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थीही त्यांत असल्याने हा विषय मराठी कुटुंबांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

केवळ परिवीक्षा लागल्याने व्हिसाधारकाचा कायदेशीर दर्जा जात नाही; निष्कासन झाल्यास मात्र तो धोक्यात येतो. परदेशी विद्यार्थ्याने प्रत्येक नियमित सत्रात संस्थेच्या व्याख्येनुसार पूर्ण विषयभार ठेवावा लागतो. इंग्रजीची अथवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकी अध्यापनपद्धतीचा अपरिचय किंवा चुकीच्या पातळीवरील विषयात प्रवेश, अशा कारणांनी भार कमी करता येतो. पण तो निम्म्याहून कमी असू नये. वैद्यकीय कारणासाठीची सवलत एका शैक्षणिक स्तरावर एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळते. दोन्ही बाबतींत संस्थेतील अधिकृत परदेशी विद्यार्थी अधिकाऱ्याची संमती विषय सोडण्याआधी घेणे आवश्यक असते. अशा संमतीने शिक्षण थांबवणाऱ्यास देश सोडण्यासाठी १५ दिवस मिळतात. दर्जा राखण्यात कसूर झाल्यास अशी मुदत मिळत नाही.

भारतीय बँकांची शैक्षणिक कर्जे हप्त्याहप्त्याने वितरित होतात व पुढील हप्त्यापूर्वी बँक प्रगतीचा दाखला मागू शकते. साडेसात लाख रुपयांहून अधिक कर्जासाठी सामान्यतः तारण द्यावे लागते व ते पुष्कळदा राहत्या घराचे असते. परदेशातील सत्राचा निकाल अशा रीतीने मायदेशातील घराशी जोडला जातो.

न्यायालयीन निर्णय

शैक्षणिक कारणावरून झालेल्या निष्कासनात न्यायालयाने कितपत हस्तक्षेप करावा, याविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय पायाभूत मानले जातात.

'बोर्ड ऑफ क्युरेटर्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ मिसुरी विरुद्ध होरोविट्झ' (१९७८) या खटल्यातील शार्लट होरोविट्झ ही वैद्यकाची विद्यार्थिनी होती. रुग्णालयीन कामाबद्दलच्या असमाधानामुळे तिला परिवीक्षेवर ठेवून पुढे काढून टाकण्यात आले. अपिलाच्या टप्प्यावर सात डॉक्टरांनी तिची पारख केली : दोघांनी तिला वेळेवर पदवी द्यावी असे, दोघांनी तात्काळ काढावे असे, तर तिघांनी पदवी लांबवून परिवीक्षा चालू ठेवावी असे मत दिले. शैक्षणिक मूल्यमापन हे तज्ज्ञांचे काम असून अशा निष्कासनापूर्वी शिस्तभंगाच्या प्रकरणांप्रमाणे औपचारिक सुनावणी देणे राज्यघटनेनुसार आवश्यक नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. उणिवांची पूर्वसूचना विद्यार्थिनीस मिळाली होती आणि निर्णय विचारपूर्वक घेतला गेला होता, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली.

'रीजंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन विरुद्ध ईविंग' (१९८५) या खटल्यात राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास फेरपरीक्षा नाकारण्यात आली होती. प्रचलित शैक्षणिक संकेतांपासून मोठी फारकत दिसत नसल्यास न्यायाधीशांनी प्राध्यापकांच्या निर्णयाचा मान राखावा, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयांमुळे विद्यार्थ्याचे खरे संरक्षण न्यायालयापेक्षा विद्यापीठाच्या अंतर्गत अपील प्रक्रियेत असते.

गोपनीयता

१९७४च्या कौटुंबिक शैक्षणिक हक्क व गोपनीयता अधिनियमानुसार उच्च शिक्षणातील दप्तरावरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो. शुल्क पालकांनी भरलेले असले, तरी पदव्युत्तर विद्यार्थ्याची परिवीक्षा त्याच्या संमतीविना पालकांना सामान्यतः कळवली जात नाही. पालकांच्या स्वाक्षरीने प्रगतिपुस्तक परत करण्याची सवय असलेल्या भारतीय कुटुंबांना हे अनपेक्षित वाटते. घरच्यांना सांगावे की नाही, हा निर्णय पूर्णतः विद्यार्थ्यावर येतो.

परिणाम आणि टीका

परिवीक्षेमुळे विद्यार्थी सावध होऊन सुधारतो की खचून शिक्षण सोडतो, हा संशोधनाचा विषय आहे. जेसन लिंडो, निकोलस सँडर्स व फिलिप ओरिओपुलोस यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांची माहिती तपासली. परिवीक्षेमुळे काही विद्यार्थी परतलेच नाहीत, तर परतलेल्यांची सरासरी सुधारली, असे दुहेरी चित्र त्यांना आढळले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परिस्थिती वेगळी असल्याने हा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

सार्वजनिक पैसा पदवीकडे वाटचाल करणाऱ्यावरच खर्च व्हावा आणि पदवी न मिळता विद्यार्थ्याचे कर्ज वाढत जाऊ नये, हा आर्थिक निकषांमागचा हेतू सांगितला जातो. टीकाकारांच्या मते, ज्याच्याजवळ अन्य साधन नाही त्याच्यावरच हे निकष सर्वाधिक आघात करतात : सारख्याच श्रेणी मिळवणाऱ्या दोघांपैकी स्वतःच्या पैशाने शिकणारा पुढे जातो व कर्जावर शिकणारा थांबतो. अपिलातील पुराव्याची अट, संस्थांगणिक बदलणारे निकष आणि सूचनांची क्लिष्ट भाषा यांवरही आक्षेप आहेत. सत्राचे निकाल व पुढील सत्राचे शुल्क यांत कित्येकदा थोडेच आठवडे असतात; तेवढ्यात कागदपत्रे जमवून अपील करणे कठीण जाते. कोविड-१९च्या काळात २७ मार्च २०२० रोजी झालेल्या कायद्याने महासाथीमुळे पूर्ण न झालेले श्रेयांक गतीच्या गणनेतून वगळण्याची मुभा संस्थांना दिली होती.

भारतातील समांतर व्यवस्था

भारतीय विद्यापीठांत या दोन अवस्थांशी तंतोतंत जुळणारी व्यवस्था नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाची 'एटीकेटी' ही सवलत काही विषयांत अनुत्तीर्ण असतानाही पुढील सत्रात जाण्याची परवानगी देते. तिचा आधार विषयवार उत्तीर्णता हा आहे, एकूण सरासरी नव्हे. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार संशोधन सल्लागार समिती दर सत्रात प्रगतीचा आढावा घेते. प्रगती असमाधानकारक असल्यास समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचवते. तरीही सुधारणा न झाल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे असून पुनर्नोंदणीद्वारे दोन वर्षांची वाढ मिळते. महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीतही दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन करूनच वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दिली जाते. 'परिवीक्षा' हा शब्द येथे वापरला जात नसला, तरी प्रगतीचा आढावा, सुधारणेची संधी आणि त्यानंतर निर्णय हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.